बोलन खिंडीच्या पायथ्याचं बळद

 हातातलं काम चालू ठेवा, कान मात्र थोडा वेळ इकडे द्या.

मार्च २०२५ मध्ये एक बातमी आपण सगळ्यांनीच ऐकली होती. पाकिस्तानातल्या बलुचिस्तानात डोंगरातून जाणारी जाफर एक्स्प्रेस नावाची प्रवासी गाडी बंदूकधाऱ्यांनी अडवली आणि माणसं ओलीस धरली. ती गाडी अडवली गेली तो भाग म्हणजे बोलन खिंड. शाळेत आपण 'खैबर आणि बोलन' अशी जोडी पाठ केली होती. परकी सैन्यं कुठून आली, या प्रश्नाचं ते उत्तर असायचं. उत्तर लिहिलं, दोन मार्क मिळाले, आणि बोलन खिंड वहीतच राहिली.

आज त्या खिंडीकडे जरा वेगळ्या बाजूने बघू. सैन्यं गेली ती वाट तर बघूच. पण त्या वाटेच्या पायथ्याशी कुणी चूल मांडली, कुणी धान्य साठवलं, तेही बघू.

आधी जागा समजून घेऊ. सिंधच्या उत्तरेला कच्छी नावाचं सपाट, कोरडं मैदान आहे. आपला गुजरातचा कच्छ तो वेगळा. या मैदानाच्या कडेला सिबी आणि ढाडर ही गावं आहेत. इथला उन्हाळा असा, की पारा पन्नाशीला टेकतो. सिबी आणि ढाडर निर्माण केल्यावर देवाने वेगळा नरक कशाला केला, असं तिकडे गमतीने म्हणतात. या मैदानातून डोंगरात शिरणारी, नव्वदएक किलोमीटर लांबीची नदीची घळ म्हणजे बोलन खिंड. खालच्या टोकाला सिबी समुद्रसपाटीपासून जेमतेम दीडशे मीटरवर, आणि वरच्या टोकाला कोलपूर जवळजवळ अठराशे मीटरवर. आपली कर्जतहून लोणावळ्याला चढणारी गाडी जेवढी उंची चढते, त्याच्या जवळपास तिप्पट चढ. आजूबाजूला झाड नाही, गवत नाही, नुसते उघडेबोडके डोंगर.

आणि पाणी? बोलन नदी एका ठिकाणी वाळूत गडप होते. तिथल्या रेल्वे स्टेशनचं नावच आहे 'आब-ए-गुम', म्हणजे हरवलेलं पाणी. पण हीच नदी डोंगरात पाऊस पडला की घळ भरून लोंढा घेऊन येते. १८४१ साली बंगालच्या तोफखान्याची एक तुकडी सामानसुमानासकट या लोंढ्यात वाहून गेली होती. म्हणजे एरवी घोटभर पाण्याची मारामार, आणि आलं तर माणसं नेणारं पाणी.

अशा ठिकाणी कोण राहील, असं वाटतं ना? पण आपल्या उपखंडातली शेतीची सगळ्यांत जुनी वस्ती सापडली ती नेमकी इथेच.

मातीच्या खोल्या

ढाडरजवळ, खिंडीच्या तोंडाशी, मेहरगढ नावाची जागा आहे. बोलन नदीने आपला काठ कापत नेला आणि त्या कापलेल्या दरडीत जुन्या भिंती उघड्या पडल्या. १९७४ पासून ज्याँ-फ्रान्स्वा जारिज आणि कॅथरीन जारिज या फ्रेंच पतीपत्नींनी पाकिस्तानच्या पुरातत्त्व खात्याबरोबर तिथे अनेक वर्षं खोदकाम केलं. पाचशेएक एकरांत पसरलेल्या या जागेवर एकावर एक वस्त्यांचे थर निघाले. सगळ्यांत खालचा थर नऊ हजार वर्षांपूर्वीचा, असं बरीच वर्षं मानलं जात होतं. २०२५ मध्ये तिथल्या दातांवरून नव्याने काळ मोजला गेला, तेव्हा तो सात हजार वर्षांच्या आसपासचा असावा, असं मत पुढे आलं. कसंही धरलं, तरी हडप्पा आणि मोहेंजोदडोची मोठी शहरं उभी राहायच्या दोन-अडीच हजार वर्षं आधीच इथे लोक जव आणि गहू पिकवत होते, शेळ्या-मेंढ्या पाळत होते. पुढे वशिंडाचा बैल आणि गायही त्यांनी माणसाळवली. आपल्या दारातल्या खिलारीचं कूळ असं फार मागे जातं.

मला सगळ्यांत जास्त भावलं ते त्यांचं धान्य ठेवण्याचं काम. मेहरगढला कच्च्या विटांच्या अशा इमारती सापडल्या, की ज्यांत लहान लहान चौकोनी कप्पे आहेत आणि त्यांना दारंच नाहीत. माणसाने राहायच्या त्या खोल्या नव्हेत. अभ्यासकांचं म्हणणं, ती धान्याची कोठारं. आपल्यातल्या थोरल्या बायांना हे समजावून सांगावं लागणार नाही. जुन्या वाड्यात भिंतीला लागून बळद असायचं, वरून धान्य ओतायचं. तसंच हे. तिथल्या विटांवर जव-गव्हाच्या दाण्यांचे ठसे उमटलेले आहेत. टोपल्याही सापडल्या, आतून डांबरासारख्या काळ्या पदार्थाने लिंपलेल्या. आपण कणगी शेणाने लिंपतो, त्यांनी डांबराने लिंपली. हेतू एकच, दाणा सांडू नये आणि ओल लागू नये.

आता बघा, धान्य साठवणं ही काही साधी गोष्ट नाही. साठवायचं म्हणजे आज भूक असताना काही दाणे बाजूला काढायचे. त्यातले बियाणाचे तर काहीही झालं तरी खायचे नाहीत. ज्या घराने पोट मारून बी राखलं, त्याच घरी पुढच्या वर्षी पेरणी झाली. आपल्या गटाच्या पहिल्या बैठकीत प्रत्येकीने वीस-पन्नास रुपये पेटीत टाकले, तेव्हा आपण तेच केलं. बचत बँकेने आणली असं आपण समजतो. पण तिची सुरुवात बँकेच्या कितीतरी आधी, अशा मातीच्या कप्प्यांत झाली.

या लोकांचं जगणं फक्त पोटापुरतं होतं असंही नाही. एका थडग्यात एका माणसाच्या डाव्या मनगटाशी तांब्याचे आठ मणी होते. त्यातल्या एका मण्याच्या आत दोऱ्याचे तंतू अडकून राहिले होते. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर ते कापसाचे निघाले! आजवर सापडलेल्या कापसाच्या सगळ्यांत जुन्या धाग्यांपैकी हे धागे आहेत. विदर्भ-मराठवाड्यातल्या माझ्या मैत्रिणींनो, तुम्ही वेचता त्या कापसाची ही किती जुनी खूण.

थडग्यांमध्ये शंखाच्या बांगड्या आहेत. समुद्र तिथून कित्येक दिवसांच्या वाटेवर. निळ्या लाजवर्द दगडाचे मणी आहेत. तो दगड अफगाणिस्तानातल्या डोंगरांतला. म्हणजे खिंडीतून घोडेस्वार जायच्या हजारो वर्षं आधी बांगड्या आणि मणी ये-जा करत होते. या वाटेने आधी सैन्य नाही गेलं, आधी बाजार गेला.

आणखी एक नवलाची गोष्ट. नऊ माणसांच्या अकरा दाढांना गारगोटीच्या बारीक टोकाने पाडलेली भोकं सापडली. त्या नऊ जणांत किमान चार बायका होत्या. मण्यांना भोक पाडणारं हत्यार जे, तेच बहुतेक दाढेसाठी वापरलं असावं. भोकांच्या कडा चावून चावून गुळगुळीत झाल्या आहेत, म्हणजे ही माणसं नंतर जगली, जेवली. दातांवर इलाज करण्याचा हा जगातला फार जुना पुरावा मानतात. दाढ दुखल्यावर जीव कसा कासावीस होतो ते आपल्याला माहीत आहे. सात हजार वर्षांपूर्वी कुणीतरी बाई त्या कारागिरापुढे तोंड उघडून बसली असेल, तिचा धीर डोळ्यांपुढे आणा.

मातीच्या बाया

मेहरगढच्या मृण्मूर्ती फार प्रसिद्ध आहेत. सुरुवातीच्या अगदी साध्या, चिमटीत बसतील एवढ्या, बसलेल्या बायांच्या. पुढच्या काळात मात्र एकेकीची केशरचना पाहावी! मोठमोठे अंबाडे, पदर पदर सोडलेले केस, गळ्यात भरगच्च माळा. यांना देवी म्हणावं, खेळणी म्हणावं, की नवसाच्या मूर्ती, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. जवळच नौशारो नावाची दुसरी जुनी वस्ती आहे. तिथल्या काही मूर्तींचे केस काळे रंगवलेले आणि भांगात लाल रंग भरलेला दिसतो. काहींना त्यात सिंदूर दिसतो, काही जण एवढ्या लांब उडी मारायला तयार नाहीत. पण कुणीतरी बोटाच्या टोकावर रंग घेऊन तो भांग जपून भरला, हे तर खरं.

त्याच परिसरात पिराक नावाची तिसरी जागा. ती मेहरगढनंतरची, साधारण पावणेचार हजार वर्षांपूर्वी सुरू झालेली. तिथे गहू-जवाबरोबर भात आणि भरडधान्यही मिळालं. शेतीवाल्या घरातली कुणीही याचा अर्थ लगेच सांगेल. आधी फक्त रब्बी होतं, आता खरीपही आलं. वर्षात दोन पिकं, म्हणजे कामही दुप्पट आणि बळदही दोनदा भरणार.

नादिरा बानू

आता एकदम अलीकडे येऊ. साल १६५९. आपल्याकडे हे साल प्रतापगडाचं, अफजलखानाचं. त्याच वर्षी तिकडे शाहजहानच्या मुलांमध्ये गादीसाठी लढाई चालू होती. थोरला दारा शुकोह औरंगजेबाकडून हरला आणि अजमेर, गुजरात, कच्छ, सिंध असा पळत पळत बोलनकडे आला. खिंड ओलांडली की कंदाहार, आणि तिथून इराणचा आसरा.

त्याच्याबरोबर त्याची बायको होती, नादिरा बानू. तीही शाही घराण्यातलीच, दाराची चुलत बहीण. १६३३ साली त्यांचं लग्न झालं तेव्हा पाण्यासारखा पैसा खर्च झाला होता. दाराने तिला चित्रांची एक वही भेट दिली होती. ती आज लंडनच्या ब्रिटिश ग्रंथालयात जपून ठेवली आहे. अशी ही बाई महिनोन्महिने वाळवंटातून फिरत होती. तिला हगवण लागली, औषध नाही, विश्रांती नाही. खिंडीच्या अलीकडेच तिने प्राण सोडला. आपलं दफन हिंदुस्थानातच व्हावं, ही तिची इच्छा होती. दाराने आपल्याबरोबर उरलेली विश्वासाची माणसं तिच्या पार्थिवासोबत लाहोरला पाठवून दिली आणि स्वतः जवळजवळ एकटा राहिला.

मग ढाडरच्या मलिक जीवनने त्याला पकडून शत्रूच्या हवाली केलं. हा तोच मलिक जीवन, ज्याला हत्तीच्या पायी देण्याची शिक्षा झाली असता दाराने वाचवलं होतं. ऑगस्टच्या अखेरीस दिल्लीत दाराला मारण्यात आलं. मलिक जीवन दिल्लीत आला तेव्हा लोकांनी त्याला शिव्याशाप दिले आणि घरांच्या छपरांवरून त्याच्यावर राख आणि घाण टाकली.

इतिहासाच्या पुस्तकात ही गोष्ट दाराची आणि औरंगजेबाची असते. नादिरा एका ओळीत येते आणि जाते. पण खिंडीच्या तोंडाशी त्या उन्हाळ्यात तहानेने, आजाराने बेजार झालेली ती बाई मनात ठेवली, की गादीच्या लढाईची किंमत कोण मोजतं ते कळतं. तिची कबर लाहोरला मियाँ मीर या संताच्या दर्ग्याजवळ आजही आहे.

पीठ संपलं तेव्हा

१८३९ साली इंग्रजांनी अफगाणिस्तान जिंकायला याच खिंडीतून फौज नेली. बंगालच्या फौजेत लढणारे साडेनऊ हजार, पण त्यांच्यामागे नोकरचाकर, बाजारबुणगे मिळून अडतीस हजार माणसं आणि तीस हजार उंट. मागोमाग मुंबई इलाख्याची फौज. तिच्यात कोकणातले आणि देशावरचे शिपाईही होते, म्हणजे आपल्याच गावांमधली माणसं. खिंडीत उंट पटापट मेले, सामान टाकून द्यावं लागलं. वर क्वेट्ट्याला पोचेपर्यंत पिठाची टंचाई झाली. शिपायांचा शिधा निम्मा केला आणि नोकरचाकरांचा त्याहून कमी. शिधा कमी करताना सुरुवात कुठून होते आणि सर्वांत जास्त कपात कुणाच्या ताटात होते, हे आपल्याला नव्याने सांगायला नको.

तोफा होत्या, पैसा होता, पण बळद नव्हतं. ज्या खिंडीच्या पायथ्याशी हजारो वर्षांपूर्वी लोकांनी दाणा दाणा साठवला, त्याच खिंडीत त्या काळची बलाढ्य फौज भाकरीला महाग झाली.

पुढे रेल्वे आली. सिंधमधल्या रुकपासून सिबीपर्यंतचा दोनशे किलोमीटरहून लांब रूळ १०१ दिवसांत टाकला, आणि १८८० च्या जानेवारीत गाडी सिबीला पोचली. डोंगरातलं काम मात्र रखडत गेलं. १८८५ मध्ये पटकीची साथ आली आणि मजूर किडामुंगीसारखे मेले. १८८६ मध्ये गाडी क्वेट्ट्याला पोचली. १८८९ च्या पुराने नदीतला मार्ग वाहून नेला, आणि वरून नवी लाईन काढावी लागली. या लाईनवर एका बोगद्याचं नाव 'मेरी जेन' आहे, मुख्य इंजिनिअरच्या बायकोचं. बोगद्याला बाईचं नाव मिळालं हे चांगलंच. पण पटकीने ज्यांचे नवरे नेले, त्या बायकांची नावं कुठल्याच दगडावर नाहीत. नदीने अजून आपला हट्ट सोडलेला नाही. २०२२ च्या पावसाळ्यातही तिथला रेल्वेपूल वाहून गेला.

दरवर्षी उतरणाऱ्या बाया

सैन्यं कधीतरी जायची. दरवर्षी खिंड उतरायचे आणि चढायचे ते ब्राहुई पशुपालक. हिवाळ्यात वरचा मुलूख गारठला की शेळ्या-मेंढ्या घेऊन खाली कच्छीच्या मैदानात यायचं आणि उन्हं तापायला लागली की परत वर. आपल्या धनगर भावा-बहिणींचा वाडा जसा पावसाच्या अंदाजाने हलतो, तसंच. त्यांचा काळा तंबू, 'गिदान', शेळीच्या केसांचा. तो विणायचा बायांनी, उभारायचा बायांनी. आणि खाली येऊन त्या काय करायच्या? ज्वारीची कापणी! कच्छीचं मुख्य पीक ज्वारीच.

आणखी एक गंमत. ब्राहुई भाषा कानडीच्या कुळातली आहे. त्या भाषेत डोळ्याला 'खन' म्हणतात, कानडीत 'कण्णु'. तोंडाला 'बा', कानडीत 'बायि'. सोलापूर-सांगलीकडच्या मैत्रिणींना हे लगेच कळेल. इतक्या दूरच्या डोंगरात हे शब्द टिकले ते पुस्तकांमुळे नाही, मांडीवरच्या लेकराशी बोलता बोलता टिकले.

आपण काय घ्यायचं

मेहरगढची आजची अवस्था बरी नाही. तिथल्या मृण्मूर्ती चोरून उकरल्या गेल्या आणि परदेशांत विकल्या गेल्या. त्यांतल्या काही अमेरिकेत पकडल्या आणि २०२२ साली न्यूयॉर्कहून पाकिस्तानला परत दिल्या गेल्या. मूर्ती परत येते, पण ती कुठल्या घरात, कुठल्या कोपऱ्यात, कशाशेजारी होती, ही माहिती गेली ती गेलीच. जागेवरून हललेली वस्तू मुकी होते. आपल्या शेतात नांगराला खापर, मणी, जुनं नाणं लागलं तर हे ध्यानात ठेवा. सोनाराला किंवा फेरीवाल्याला देण्याआधी ग्रामपंचायतीला, तहसीलला कळवा.

आणि आपल्याकडेही घाट काही कमी नाहीत. जुन्नरजवळ नाणेघाटात सातवाहनांची राणी नागनिका हिने दोन हजार वर्षांपूर्वी दगडावर लेख कोरवला. किती गाई, किती घोडे, किती नाणी दान दिली, सगळं आकड्यांत लिहिलेलं. आपल्या देशातल्या जुन्यात जुन्या आकड्यांपैकी काही आकडे त्या लेखात आहेत. एका बाईने हिशेब लिहून ठेवला म्हणून तो आज वाचता येतो. बोलनच्या बायांनी लिहून ठेवलं नाही. त्यांचं म्हणणं विटेवरच्या दाण्यांच्या ठशांतून, मण्यातल्या धाग्यातून शोधावं लागतं.

म्हणून एक काम सांगते. पुढच्या बैठकीत हिशेबाची वही उघडाल, तेव्हा तिच्या मागच्या पानांवर गावातल्या जुन्या बायांना विचारून लिहा. तुमच्या गावात पेव कुठे होतं, बळद कुणाच्या वाड्यात होतं, ७२ च्या दुष्काळात बी कुणी राखलं आणि कसं. नाव लिहा, साल लिहा. घाटातून कोण राजा गेला ते लिहिणारे पुष्कळ आहेत. पायथ्याशी दाणे कुणी राखले ते आपल्यालाच लिहावं लागणार आहे.

चला, आपापली कामं उरका. नमस्कार.